गोधडीवरचा बाजार

९ जानेवारी १९६९

छोटी पुडी बंद! पाडव्यापासून.

मधुकरशेठनी हे सांगितलं ते कारखान्याच्या पायरीवर, चपला घालता घालता — उद्या दूधवाला येणार नाही असं सांगावं तसं. यापुढे फक्त टिनचे रंगीत डबे, खंडाळ्याच्या हॉटेलांत उतरणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांसाठी. खेड्यातल्या दुकानांत जाणारी गुळाच्या चिक्कीची पुडी नको. पुडी नको म्हणजे पुडीची खोली नको. खोली नको म्हणजे त्या खोलीतल्या नऊ बायका नकोत.

"कारण?" मी विचारलं.

"कारण तुमच्याच गोधडीवर आहे, बाई. स्टेशनवर माल संपतो, तिथं भूक आहे. खेड्यात दर आठवड्याला उरतो. भूक मिटली तिथली! मग कशाला सायकली दामटायच्या?"

गोधडीवर, म्हणजे माझ्या खपाच्या तक्त्यावर, खरंच तसं आहे. मीच लिहिलंय.

नंदाबाई — खोलीतली सगळ्यात जुनी — मागे परात घासत उभी होती. तिने ऐकलं. "आमाला बी भरा म्हनावं डब्यात," एवढंच म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

१० जानेवारी

गोधडी हे नाव ऑफिसातल्या कारकुनांनी ठेवलं. चेष्टेने. फुलस्केप कागद खळीने एकाला एक जोडत गेले, आठ महिन्यांत ते टेबलावरून खाली लोंबायला लागले. आडव्या ओळीत एकेक दुकान — स्टेशनवरचे फेरीवाले, मळवली, लोहगडवाडी, कामशेत, उर्से, पार देहूरोडपर्यंत. उभ्या रकान्यांत आठवडे. प्रत्येक घरात दोन आकडे: वर पाठवलेला माल, खाली उरलेला. उजवीकडे दुकानाची बेरीज, तळाशी आठवड्याची, आणि दोन्ही कोपऱ्यात येऊन जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर मी उठत नाही. पुण्याच्या दैनिकात वीस वर्षं बाजारभावाचं पान लावलं. गुळाचा भाव मिरचीच्या रकान्यात गेला की सकाळी भवानी पेठेतले अडते दारात उभे! ती सवय.

आप्पासाहेबांनी, मधुकरशेठच्या वडिलांनी, मला इथं बोलावलं ते याचसाठी. "कुठं काय खपतं ते एकदा डोळ्यांना दिसू द्या," म्हणाले होते. आता आप्पासाहेब खुर्चीत बसतात आणि मुलगा बोलतो.

संध्याकाळभर खेड्यांच्या ओळी बघत बसले. खाली कुठेच शून्य नाही. मधुकरशेठ खोटं बोलत नाहीत. पण मला पटत नाही! नुसतं पटत नाही म्हणून पान बदलत नसतं, हेही माहीत आहे.

११ जानेवारी

जाऊन बघायला हवं. दुकानात. आठ महिन्यांत एकदाही गेले नाही.

१९ जानेवारी

रविवार. मळवलीला उतरून भाजे गावावरून चालत लोहगडवाडीला गेले. चढ बेताचा, पण गुडघ्यांनी कुरकुर केलीच.

सरूबाईचं दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची अर्धी खोली. मीठ, तेल, विड्या, काडेपेट्या, आणि फळीवर आमच्या चिक्कीची काचेची बरणी. मी पाणी पीत बसले होते तोवर कोंडू नावाचा एक गडी लाकडाची मोळी घेऊन उतरला. मोळी दाराशी टेकवली.

"सरूबाय, दोन पुड्या टाक."

"संपल्या रं. सोमवारी ये. भिमाजी आल्यावर."

बरणीत दोन पुड्या होत्या! मला दिसत होत्या, कोंडूलाही दिसत होत्या. तो हूं की चूं न करता विडी घेऊन चालता झाला.

"मावशी, आहेत की दोन!"

"त्या इकायच्या न्हाईत."

"का?"

सरूबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दिवेलागणीला केर काढायला निघालेय. "बरनी रिकामी ठिवू? दुकानाला बरकत न्हाई ऱ्हात. तुमी पिठाचा डबा झाडूनपुसून रिता करता व्हय घरी?"

नाही करत. आईनेही कधी केला नाही. मूठभर पीठ तळाशी ठेवून मगच नवीन दळण.

"आणि आमचा भिमाजी माल घेऊन येतो तेव्हा?"

"इचारतो, उरल्या किती? म्या सांगते दोन. खोटं कशाला बोलू?"

येताना उतार होता तरी पाय भरभर पडत होते.

२० जानेवारी

ऑफिस उघडायच्या आधी गेले. गोधडी जमिनीवर पसरली आणि लाल पेन्सिल घेऊन खेड्यांच्या ओळी वाचल्या.

लोहगडवाडी: दोन. दोन. दोन. दिवाळीच्या आठवड्यातही दोन. "उरतं" म्हणून मधुकरशेठनी पावसाळ्यानंतर माल कमी केला, तरी दोन! उर्से: तीन, सगळीकडे तीन. कामशेतचं दुकान मोठं: पाच, पाच, पाच.

उरलेला माल असा कधी वागतो का? उरलेला माल वरखाली होतो. हा आकडा ढिम्म हलत नाही. ही शिल्लक नाहीच — इथं दुकानदार विकायचं थांबतो! स्टेशनवरच्या फेरीवाल्याकडे ताट असतं, त्याचं शून्य होतं. सरूबाईकडे बरणी असते, तिचं शून्य म्हणजे दोन. आठ महिने मी दोन्ही एकाच रकान्यात लिहिले.

भिमाजी माल न्यायला आला. सकाळच्या गाडीत सायकल आणि खोकी टाकून जातो, एकेका स्टेशनवर उतरून आतली गावं करतो. त्याला ओळी दाखवल्या. बराच वेळ बघत राहिला, मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"आयला! आमची कारभारीन कस्तुरा दान्याची कनगी कधी खरवडत न्हाई. अन् म्या हितं सोमवारच्या सोमवारी ल्ह्यून आनतोय — उरलं, उरलं!"

दोघंही हसलो. मग हसू गेलं. म्हणजे खेड्यात भूक किती आहे ते कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.

२३ जानेवारी

उर्से आणि कामशेत एका दिवसात. उर्स्याचा दुकानदार गेणू म्हणाला, "बाई, गुरुवारनंतर लोकांला तोंड दावायची सोय ऱ्हात न्हाई." मग जास्त का नाही मागवत? "मागाया काय, भिमाजीकडं आस्तील तर दील की! न्हाईत म्हनून देत न्हाई." याला वाटतं माल नाही, कारखान्याला वाटतं गिऱ्हाईक नाही. मधे बरणी!

घेतंय कोण तेही विचारत आले. गवत कापणाऱ्या बायका, रुळांवरचे गँगमन, देहूरोडला डेपोत कामाला जाणारे. खिशात टाकायचं, दुपारी पाण्याबरोबर खायचं. मुंबईच्या पाहुण्याला यातलं काहीच लागत नाही.

२५ जानेवारी

मधुकरशेठकडे गेले. म्हटलं, दोन आठवडे चार दुकानांना दुप्पट माल पाठवू, बाकीच्यांना नेहमीइतकाच. चारांतही तळाशी तेवढाच आकडा राहिला तर माझं खरं. ढीग उरला तर तुमचं.

"म्हणजे बाई, आता अंधश्रद्धेवर मार्केटिंग करायचं?" मार्केटिंग हा शब्द ते मुंबईहून घेऊन आलेत. दिवसातून दहादा काढतात.

"श्रद्धा कसलीही असो, ती बेरजेत येते. तिला रकाना द्यावा लागतो."

"नाही पाठवायचा दुप्पट माल. वाया जाईल."

"मी सोमवारी पाठवणार आहे. थांबवायचं असेल तर लेखी द्या."

आवाज चढवला नाही. चढवायची गरज कधी पडलीच नाही मला, संपादकांपुढेही नाही. आप्पासाहेब वर्तमानपत्राआडून खोकले.

२७ जानेवारी

लेखी आलं नाही. माल गेला!

नंदाबाईच्या खोलीने कालची सुट्टी मोडून पुड्या बांधल्या. बाया — ठाकरवाडीची, खोलीतली सगळ्यात फटकळ — मला म्हणाली, "बाई, न्हाई खपलं तर समदं तुमालाच खावं लागंल बगा." दात आहेत अजून, म्हटलं.

३ फेब्रुवारी

लोहगडवाडी: दोन. कामशेत: पाच. मळवली: नेहमीचे चार.

उर्से — एकवीस.

भिमाजीने कागद पुढे केला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

४ फेब्रुवारी

मधुकरशेठ फार खूश. "काय बाई? उर्स्याची श्रद्धा उडाली वाटतं!" कारकून खिदळले. मी एकवीस लाल पेन्सिलीनेच लिहिले, सगळ्यांसमोर. मला न आवडणारा आकडा मी बारीक लिहीत नाही.

दुपारी भिमाजी म्हणाला, "गेणूच्या मेव्हनीचं लगीन हुतं तळेगावला. दुकान चार दिस बंद." म्हटलं, मग ते दुकान या आठवड्यापुरतं बाजूला. पण घर कोरं ठेवणार नाही. आकडाही राहील आणि शेजारी कारणही.

१० फेब्रुवारी

उर्से: तीन! दुप्पट मालावर तीन!

चारही दुकानं आपापल्या आकड्यावर जाऊन थांबली. आणि ज्यांना माल वाढवला नाही तीही थांबली, बुधवारीच.

नंदाबाईला सांगितलं. तिने पाकाखालचा जाळ कमी केला, हात पुसले, आणि सांगितलं, "आमाला आकडं कळत न्हाईत, बाई. पर पुडी कोन खातंय ते ठावं हाय. माझा नवरा रुळावर मेला तवा खिशात हीच हुती." मग लगेच बायाला ओरडली — पाक करपतोय तिकडं, बघते काय!



१२ फेब्रुवारी

तिप्पट पाठवणार. लेखी अजून आलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा माल खरोखर उरला. लोहगडवाडीत नऊ, कामशेतात बरेच. फार आनंद झाला! उरला म्हणजे तळ लागला. आता नक्की सांगता येतं, कुठल्या गावाला किती हवं. तिपटीहून थोडं कमी. नुसतं "खूप खपतं" म्हणणं म्हणजे पान अर्धं कोरं सोडणं.

६ मार्च

आज निकाल लावायचा होता. ऑफिसात मुंबईहून जाहिरातवाले गृहस्थ आलेले, कोट घातलेले, घामाघूम. टेबलावर टिनच्या डब्यांचे नमुने — झाकणावर घाट, धबधबा आणि साडीचा पदर उडवणारी बाई. घाटातल्या वळणावर मोठा फलक लावायचा असंही ठरत होतं.

मी डबे बाजूला सरकवले आणि गोधडी पसरली. एक टोक आप्पासाहेबांनी धरलं. त्यांनाच धरावं लागलं; दुसरं कुणी हात पुढे करेना.

कोटवाले म्हणाले, "मॅडम, खेड्यात ब्रँड नसतो. चिक्की म्हणजे चिक्की."

"लोहगडवाडीचा लाकूडतोड्या पाच दिवस सोमवारची वाट बघतो. टपरीवर दुसरी चिक्की मिळते, ती घेत नाही. तुमच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते तुम्ही ठरवा."

मधुकरशेठ म्हणाले, "पण पाच लिहिलंय ते शून्य, हे कुणाला पटणार?"

मी काही म्हणायच्या आत आप्पासाहेब बोलले. किती महिन्यांनी! "मधू, तुझ्या आजीनं तांदळाची कोठी तळापर्यंत कधी खरवडलेली बघितलीस?"

कोटवाले घड्याळ बघायला लागले.

"विचार करतो," मधुकरशेठ म्हणाले.

डबे मी परत जागेवर लावून ठेवले. झाकण सुरेख आहे, तेही सांगितलं. आहेच.

११ मार्च

विचार चालू आहे. खोलीत कुणी गात नाही. एरवी लाटणी फिरताना बायाचं तोंड थांबत नाही. ठाकरवाडीतल्या दोघी दुसरीकडे काम विचारून आल्या. मिळालं नाही.

मी रोज एकदा मधुकरशेठच्या दारात उभी राहते. "झाला विचार?" एवढंच. ते चिडतात. चिडू देत.

१९ मार्च

पाडवा. पुडी राहिली!!

मधुकरशेठ स्वतः खोलीत आले, डोक्याला टोपी घालून, साखरेच्या गाठी घेऊन. "पुडी बंद होणार नाही. उलट तिप्पट काढायची आहे." बायाने तिथल्या तिथे नाच केला. नंदाबाईने गाठीतलं एक पदक मोडून माझ्या तोंडात कोंबलं. "वाचवलंत, बाई."

मी नाही, सरूबाईच्या बरणीने, म्हटलं. पण मनातून खूप बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२७ मार्च

मधुकरशेठनी बोलावलं. फार गोड आवाज. टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक: पुडी बांधायचं यंत्र. कापतं, गुंडाळतं, चिकटवतं.

"तुमच्याच गोधडीनं पटवलं मला, बाई. एवढी मागणी हातांनी कशी पुरी करणार? ऑर्डर दिली. वैशाखात येईल."

"आणि खोली?"

"पाक आणि लाटणं आचारी बघतील. यंत्राला दोन माणसं पुरे. शिकलेली."

मी खुर्ची ओढून बसले. न विचारता. म्हटलं, नऊ जणींना पाडव्याला गाठी वाटल्यात तुम्ही.

"पुडी बंद होणार नाही एवढंच म्हणालो होतो. झाली का बंद?"

नाही झाली. शब्द पाळलाय त्यांनी.

मी खोली वाचवायला निघाले होते आणि खोली मोडायचा पुरावा ओळीने, बेरजेसकट, करून दिला. आप्पासाहेबांकडे बघितलं. त्यांनी वर्तमानपत्र उलटलं.

२८ मार्च

राजीनामा. चार ओळी. दुपारच्या आत दिला.

मधुकरशेठ म्हणाले, "गोधडी इथंच राहील. कारखान्याची आहे."

"ठेवा. कागद तुमचा, खळ तुमची. दुकानं मात्र तुमची नाहीत."

नंदाबाईला मी स्वतः सांगितलं, यंत्राचं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. ती रडली नाही. चिडलीही नाही माझ्यावर. चिडली असती तर सोपं गेलं असतं. नुसतं विचारलं, "मग आता?"

३० मार्च

रविवार. नऊच्या नऊ जणी माझ्या तुंगार्लीच्या घरी. पडवीत बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं.

बाया म्हणाली, "पाक आमाला येतो. लाटाया येतं. कापाया, बांधाया येतं. त्या यंतराला काय येतं ते आमाला समदं येतं. मग त्येच्याकडं काय हाय जे आमच्याकडं न्हाई?"

भांडवल, म्हटलं. मग नंदाबाईने विचारलं, "कढई कुनाची हाय?" एकीची निघाली. परात माझी. गूळ-शेंगदाण्यापुरते पैसे माझ्याकडे आहेत. पुण्याचं दैनिक सोडताना मिळालेले तसेच पडलेत. यापेक्षा बरा उपयोग सुचत नाही.

नवी गोधडी घातली, तिथंच, त्यांच्यादेखत. दोन फुलस्केप. या वेळी रकाने तीन: पाठवले, थांबले, आणि कमी पडले.

अडलं ते एकाच जागी. माल नेणार कोण? लोहगडवाडीचा चढ, कामशेत, उर्से, देहूरोड — गाडीने स्टेशनापर्यंत जाता येईल, पुढे? नऊ जणींत कुणाला सायकल येत नाही. मलाही नाही. पोचलंच नाही तर केलेली चिक्की पडवीतच मऊ पडणार. बाया म्हणते डोक्यावरून नेऊ. नेऊही एक आठवडा. पुढच्या आठवड्याचं काय?

५ एप्रिल

पहिली कढई करपली. दुसरी जमली. वाट कशी काढायची ते अजून कळत नाही, पण पुड्या बांधतोय. सोमवार काही थांबत नाही.

७ एप्रिल

उजाडत दार वाजलं. भिमाजी. सायकल अंगणात, कॅरियर रिकामं.

"कारखान्याचा माल?"

"ऱ्हायला तितंच. तुमचा द्या. गाडीला येळ झाला."

"अरे, नोकरी जाईल तुझी!"

"गेली म्हनून समजा," भिमाजी खोकी बांधता बांधता म्हणाला. "त्या यंतराला म्हनावं, मार आता सायकल उर्स्यापतूर."